पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांची मतपेटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॅलेस्टाइनविषयीच्या बातम्यांत विद्यार्थी वारंवार दिसतात, पण बहुतेक वेळा ते छायाचित्रापुरतेच असतात. धुराच्या लोटासमोर उभा असलेला, तोंडाला रुमाल गुंडाळलेला एखादा तरुण असतो आणि चित्राखाली ‘संतप्त जमाव’ एवढीच ओळ असते. हा तरुण एखाद्या विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत मतदान करून आलेला असू शकतो, त्या परिषदेत वेगवेगळ्या गटांच्या याद्या एकमेकींविरुद्ध लढतात आणि या परंपरेला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, हे वाचकाच्या कानावर जातच नाही. आपल्या दैनिकासह बहुतेक सर्व मराठी वृत्तपत्रांत ही उणीव मला अनेक वर्षे जाणवत आली आहे. पॅलेस्टिनी विद्यार्थी चळवळीचा इतिहास बाजूला ठेवला, तर यासर अराफत यांचा फताह पक्ष, अनेक गटांची छत्रसंघटना असलेली पॅलेस्टाइन मुक्ती संघटना (पीएलओ), डावा पॉप्युलर फ्रंट आणि इस्लामी विचारांची हमास यांपैकी एकाचाही उगम नीट समजत नाही, अशी माझी ठाम धारणा आहे. त्यासाठीच हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

सुरुवात कैरोपासून करावी लागते. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले आणि जॉर्डन, लेबनॉन, सीरिया व इजिप्तच्या ताब्यातील गाझा पट्टीत विखुरले गेले. ज्या देशांत ते राहिले, तिथे स्वतःचा पक्ष काढण्याची, सभा भरवण्याची वा वृत्तपत्र चालवण्याची मोकळीक त्यांना जवळपास नव्हतीच. विद्यापीठात मात्र विद्यार्थी म्हणून एकत्र येता येत होते, पदाधिकारी निवडता येत होते, शिष्यवृत्ती आणि शुल्काचे प्रश्न घेऊन सरकारी दारात उभे राहता येत होते. कैरोमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारे यासर अराफत १९५२ मध्ये तिथल्या पॅलेस्टिनी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. पुढे अबू इयाद या नावाने ओळखले गेलेले सलाह खलफ हे त्या निवडणुकीतील त्यांचे सहकारी होते आणि अराफत यांच्यानंतर संघाची सूत्रे त्यांच्याकडेच आली. १९५६ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटनेची परिषद भरली, तेव्हा अराफत तिथे प्रतिनिधी म्हणून गेले होते. पीएलओचा जन्म व्हायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. जगातल्या एका व्यासपीठावर पॅलेस्टाइनच्या नावाने कुणी बसले असेल, तर ते विद्यार्थी होते.

इथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. अराफत यांची जी प्रतिमा जगाने पाहिली, ती लष्करी पोशाखातल्या आणि कमरेला पिस्तूल लावलेल्या नेत्याची होती. पण त्यांची राजकीय उमेदवारी झाली ती याद्या जुळवण्यात, मते मागण्यात आणि मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेपासून कम्युनिस्टांपर्यंतच्या मुलांना एका संघात टिकवून धरण्यात. मतभेद असलेल्या गटांना एकाच छत्राखाली ठेवण्याचे जे कसब त्यांनी पुढे पीएलओमध्ये दाखवले, त्याची मुळे कैरोच्या त्या विद्यार्थी संघात आहेत, असे मला वाटते.

२९ नोव्हेंबर १९५९ रोजी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाइन फाळणी ठरावाला बारा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, कैरो, अलेक्झांड्रिया, असियूत, दमास्कस आणि बैरूत येथील विद्यार्थी संघांनी एकत्र येऊन ‘पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण संघ’ स्थापन केला. विखुरलेल्या समाजाने सरहद्दी ओलांडून उभारलेली ही अगदी सुरुवातीच्या संघटनांपैकी एक होती. १९६४ मध्ये पीएलओ स्थापन झाल्यावर हा संघ तिचा भाग बनला आणि पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेत त्याला जागा मिळाल्या. म्हणजे राज्य नसलेल्या लोकांच्या प्रतिनिधिगृहात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी विद्यार्थी म्हणूनच बसत होते.

बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील प्रवाह वेगळा होता. लिड्डा गावचे जॉर्ज हबाश तिथे वैद्यकशास्त्र शिकत होते. १९४८ च्या जुलैत लिड्डा रिकामे केले गेले, तेव्हा ते गावी परतलेले होते आणि गावकऱ्यांबरोबर त्यांनाही बाहेर पडावे लागले. विद्यापीठात परत आल्यावर वादी हद्दाद, सीरियाचे हानी अल-हिंदी आणि कुवेतचे अहमद अल-खतीब यांच्यासह त्यांनी जो गट बांधला, तोच १९५० च्या दशकात ‘अरब राष्ट्रवादी चळवळ’ म्हणून पुढे आला. ‘अल-उर्वा अल-वुथ्का’ हे विद्यार्थ्यांचे वाङ्मयीन-सांस्कृतिक मंडळ या गटाचे केंद्र होते आणि इतिहासाचे प्राध्यापक कॉन्स्टन्टिन झुरेक यांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. १९५४ मध्ये पाश्चिमात्य लष्करी करारांविरुद्ध विद्यार्थ्यांनी काढलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि पुढे हे मंडळच बंद पाडण्यात आले. हबाश यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पॉप्युलर फ्रंट स्थापन केला, तो या वाटेने चालत येऊन. हनान अश्रावी याच विद्यापीठात शिकल्या. विद्यार्थी संघाच्या कामातून पुढे आलेल्या या बाईंनी नंतर बिरझैत विद्यापीठात इंग्रजी शिकवले आणि १९९१ च्या माद्रिद येथील इस्रायल-अरब शांतता परिषदेत पॅलेस्टिनी शिष्टमंडळाची बाजू जगासमोर मांडली.

युरोपात आणि आखातातही हेच घडत होते. पश्चिम जर्मनीत शिकणारे हानी अल-हसन यांनी तिथल्या पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांची मोठी फळी फताहमध्ये आणली. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांकडून इस्रायली खेळाडूंची हत्या झाल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मन सरकारने विद्यार्थी संघावर बंदी घातली आणि अनेकांना देशाबाहेर काढले. कुवेत विद्यापीठात पुढे हमासचे नेते झालेले खालेद मशाल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच संघाच्या निवडणुकीसाठी इस्लामी विचारांची यादी उभी केली. फताहच्या वर्चस्वाखाली आपल्याला जागा नाही असे दिसल्यावर त्यांच्या गटाने १९८० च्या सुमारास वेगळी चूल मांडली. हमासच्या नेतृत्वाची एक फळी त्या फुटीतून आली आहे. इस्रायलच्या हद्दीत राहिलेल्या आणि १९६६ पर्यंत लष्करी अमलाखाली जगलेल्या पॅलेस्टिनी नागरिकांनीही जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात स्वतंत्र अरब विद्यार्थी समित्या उभारल्या होत्या. त्यांचा इतिहास स्वतंत्र पत्राचा विषय आहे, म्हणून इथे फक्त उल्लेख करतो.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा (वेस्ट बँक) आणि गाझा ताब्यात घेतल्यावर या चळवळीचा गुरुत्वमध्य बाहेरच्या देशांतून या व्याप्त प्रदेशात सरकला आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग तिथे सुरू होतो. तोपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर किंवा गाझात एकही पूर्ण विद्यापीठ नव्हते. शिकायचे तर कैरो, बैरूत किंवा अम्मानची वाट धरावी लागे आणि गेलेला मुलगा परतेलच याची खात्री नसे. रामल्लाजवळच्या बिरझैत गावी १९२४ मध्ये नबिहा नासिर यांनी मुलींसाठी सुरू केलेल्या शाळेचे हळूहळू महाविद्यालय झाले, १९७२ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७६ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. हेब्रॉन, बेथलेहेम, नाब्लुसचे अन-नजाह आणि गाझाचे इस्लामिक विद्यापीठ ही सारी १९७१ ते १९७८ या काळातलीच. त्यामुळे खेड्यांतली आणि निर्वासित छावण्यांतली मुले-मुली घराण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढली. जुन्या शहरी घराण्यांच्या हातात असलेले राजकारण त्यांच्या हाती येण्याचे खरे कारण हा सामाजिक बदल आहे.

त्या काळचे कायदे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या विद्यार्थ्यांनी काय साधले ते कळणार नाही. ऑगस्ट १९६७ च्या लष्करी आदेश क्रमांक १०१ नुसार राजकीय हेतूने दहा किंवा अधिक माणसांनी परवानगीविना एकत्र जमणे हा गुन्हा होता आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. राजकीय मजकुराची पत्रके छापायलाही परवाना लागे. १९८० च्या आदेश क्रमांक ८५४ ने विद्यापीठांचा कारभार लष्करी प्रशासनाच्या कक्षेत आणला. १९८२ मध्ये परदेशी अध्यापकांना पीएलओला मदत करणार नाही असे लिहून मागण्यात आले आणि नकार देणाऱ्यांना देश सोडावा लागला. बिरझैतचे अध्यक्ष हन्ना नासिर यांना तर नोव्हेंबर १९७४ मध्येच हातकड्या घालून आणि डोळे बांधून लेबनॉनच्या सीमेपलीकडे सोडण्यात आले होते. ते परत येऊ शकले १९९३ मध्ये. तोवर जवळपास दोन दशके गाबी बरामकी यांनी विद्यापीठाचा गाडा ओढला.

अशा परिस्थितीत विद्यार्थी परिषदेची निवडणूक ही पीएलओतील गटांना उघडपणे लढता येणारी जवळजवळ एकमेव जागा होती. कोणत्याही गटाचे नाव घेणे हा गुन्हा असल्याने याद्यांची नावे वेगळी असत, पण फताहची ‘शबीबा’ कोणती, पॉप्युलर फ्रंटची यादी कोणती आणि इस्लामी गट कोणता, हे साऱ्यांना ठाऊक असे. जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जात आणि ही पद्धत बिरझैतमध्ये आजही आहे. त्यामुळे शेकडा दहा-पंधरा मते मिळवणाऱ्या छोट्या गटालाही परिषदेत बसायला मिळते आणि हरलेल्याला पुढच्या वर्षापर्यंत गप्प बसावे लागत नाही.

निवडणुकीइतकेच महत्त्वाचे होते स्वयंसेवेचे काम. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रामल्ला-बिरझैत भागात स्वयंसेवकांच्या समित्या उभ्या राहिल्या. विद्यार्थी ऑलिव्हच्या तोडणीला गावागावांत जात, रस्ते दुरुस्त करत, छावण्यांत गटारे साफ करत. बिरझैतने तर पदवीसाठी १२० तासांचे सामाजिक काम सक्तीचे केले. शहरातला मुलगा शेतकऱ्याच्या शेजारी शिडीवर चढून ऑलिव्ह काढू लागला आणि त्या ओळखीतून जी माणसे एकमेकांना बांधली गेली, तीच पुढे पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे १९८७ मध्ये सुरू झालेल्या जनउठावाच्या, गावसमित्यांत दिसतात. बिरझैतशेजारच्या कोबर गावचे मारवान बरगुती याच मुशीतले. ते विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष होते आणि मे १९८७ मध्ये त्यांना जॉर्डनला हद्दपार करण्यात आले. (२००४ मध्ये इस्रायली न्यायालयाने त्यांना पाच जणांच्या हत्येबद्दल पाच जन्मठेपा ठोठावल्या, हेही वाचकाला माहीत असले पाहिजे. त्यांनी त्या न्यायालयाचा अधिकारच मानला नव्हता.)

डिसेंबर १९८६ मध्ये बिरझैत येथील निदर्शनांत गाझाचे दोन विद्यार्थी इस्रायली सैन्याच्या गोळीबारात मारले गेले आणि आंदोलन इतर शहरांत पसरले. साधारण एका वर्षाने, ९ डिसेंबर १९८७ रोजी, इंतिफादाला तोंड फुटले. जानेवारी १९८८ मध्ये लष्कराने बिरझैत बंद केले ते एप्रिल १९९२ पर्यंत, म्हणजे ५१ महिने. इतर विद्यापीठेही बंद झाली आणि शाळांनाही टाळे लागले. या काळात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जे केले, ते माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत धाडसी काम आहे. घरांच्या बैठकीच्या खोल्यांत, मशिदींत आणि चर्चमध्ये वर्ग भरू लागले. विद्यापीठातील मुले गल्लीतल्या लहान मुलांना गणित शिकवू लागली आणि स्वतः मात्र भाड्याच्या खोल्यांत मिळेल त्या प्राध्यापकाकडून आपला अभ्यासक्रम एकेका विषयाने पुढे ढकलत राहिली. ऑगस्ट १९८८ मध्ये लष्कराने लोकसमित्या बेकायदा ठरवल्या. गल्लीत शिकवणारे मंडळही त्यात येत असल्याने सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवल्याबद्दल तुरुंगात जाण्याची वेळ येऊ शकत होती. चार वर्षांची पदवी पूर्ण करायला अनेकांना त्याच्या दुप्पट काळ लागला.

या चळवळीची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८० च्या दशकात इस्लामी गट आणि फताह व डावे यांच्यात विद्यापीठांच्या आवारांत लाठ्या आणि साखळ्या घेऊन मारामाऱ्या झाल्या, माणसे गंभीर जखमी झाली. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या मध्यात पुढे हमासचे नेते झालेले इस्माइल हनिया विद्यार्थी परिषदेचे प्रमुख होते आणि त्याच विद्यापीठातून फताहचे मोहम्मद दहलान पुढे आले. २००७ मध्ये गाझात हमास आणि फताह यांच्यात जो रक्तपात झाला, त्याचे दोन पक्ष वीस वर्षे आधी एकाच आवारात समोरासमोर उभे होते. बिरझैतमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेला याह्या अय्याश पुढे हमासचा बाँब बनवणारा झाला आणि त्याच्या बाँबनी बसमधून प्रवास करणारी सामान्य इस्रायली माणसे मारली गेली. जुलै २००२ मध्ये हिब्रू विद्यापीठाच्या उपाहारगृहात हमासने घडवलेल्या स्फोटात नऊ जणांचे प्राण गेले. विद्यापीठ हे ठिकाण हिंसेच्या लक्ष्यापासून सुरक्षित राहिले पाहिजे, हे म्हणताना हे उदाहरणही त्यात आलेच पाहिजे. हे सारे मान्य करूनही मी म्हणतो की, बंदूक उचललेल्यांच्या संख्येपेक्षा मतपत्रिका टाकून वर्गात परत गेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे आणि बातम्यांत जागा मिळते ती पहिल्यांनाच.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी इस्रायल आणि पीएलओ यांच्यातील ओस्लो करारावर सही झाली. जगभर हस्तांदोलनाची छायाचित्रे छापून येत असताना दोनच महिन्यांनी बिरझैतच्या निवडणुकीत कराराला विरोध करणाऱ्या इस्लामी आणि डाव्या गटांच्या आघाडीने फताहला हरवले. पॅलेस्टिनी समाजात पुढे काय होणार आहे याची ती आगाऊ सूचना होती आणि ती फार थोड्यांनी वाचली. ओस्लो करारातून मर्यादित स्वशासनासाठी पॅलेस्टिनी प्राधिकरण आल्यावर विद्यार्थ्यांचा जाच संपला नाही, जाच करणाऱ्यांत भर पडली. मार्च १९९६ मध्ये प्राधिकरणाच्या पोलिसांनी अन-नजाह विद्यापीठाच्या आवारात घुसून विद्यार्थ्यांना मारहाण आणि अटक केली. २०१५ मध्ये बिरझैतमध्ये इस्लामी गट जिंकल्यावर प्राधिकरणाने विरोधी गटाच्या विद्यार्थ्यांना राजकीय मतांसाठी ताब्यात घेतल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवले. गाझात २००७ नंतर हमासच्या राजवटीत विद्यार्थी निवडणुकांत खरी चुरस उरली नाही. परदेशांत पसरलेला जुना सर्वसाधारण संघही ओस्लोनंतर निष्प्राण होत गेला, कारण ज्या पीएलओचा तो भाग होता तिचे सारे बळ प्राधिकरणात ओतले गेले.

पॅलेस्टिनी जनतेने कायदेमंडळासाठी शेवटचे मतदान केले ते जानेवारी २००६ मध्ये आणि अध्यक्षपदासाठी जानेवारी २००५ मध्ये. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांनी पुढे ढकलल्या. आज विशीत असलेल्या पॅलेस्टिनी माणसाने आयुष्यात कायदेमंडळासाठी एकदाही मत दिलेले नाही, पण तो बिरझैतचा विद्यार्थी असेल तर विद्यार्थी परिषदेसाठी दिलेले असू शकते. तिथे मतदानाआधी सगळ्या याद्यांचे वक्ते भर आवारात एकमेकांसमोर उभे राहून वाद घालतात, हजारो विद्यार्थी तो ऐकायला जमतात आणि शुल्कवाढीपासून कैद्यांच्या सुटकेपर्यंत आणि प्राधिकरणाच्या भ्रष्टाचारापासून सशस्त्र लढ्याच्या योग्यायोग्यतेपर्यंत सगळे प्रश्न तोंडावर विचारले जातात. मे २०२२ मध्ये तिथल्या ५१ जागांपैकी इस्लामी गटाला २८, शबीबाला १८ आणि पॉप्युलर फ्रंटच्या गटाला ५ जागा मिळाल्या. २०२३ मध्ये हे आकडे २५, २० आणि ६ असे झाले. दोन्ही वेळा तीन-चतुर्थांशांहून अधिक विद्यार्थ्यांनी मतदान केले. या आकड्यांवरून रामल्लातले राजकारणी आणि इस्रायली विश्लेषक दोघेही जनमताचा अंदाज बांधतात.

हे मतदान किती महाग पडते, तेही सांगायला हवे. ७ मार्च २०१८ रोजी साध्या वेशातल्या इस्रायली सैनिकांनी बिरझैतच्या आवारात शिरून विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला पकडून नेले. ऑगस्ट २०२० मध्ये डाव्या गटाची विद्यार्थी संघटनाच बेकायदा जाहीर करण्यात आली, म्हणजे तिच्या यादीत नाव असणे हाच गुन्हा झाला. २०२२ च्या निवडणुकीच्या तोंडावर अनेक विद्यार्थी प्रतिनिधी अटकेत गेले. इस्रायलचे म्हणणे असे की हे गट हमास आणि पॉप्युलर फ्रंट या दहशतवादी संघटनांचे हात आहेत. हे म्हणणे बातमीत जरूर यावे, पण त्यासोबत एखाद्या विद्यार्थ्यावर नेमक्या कोणत्या कृत्याचा आरोप आहे की केवळ सदस्यत्वाचा, आरोपपत्र आहे की आरोपाविना प्रशासकीय स्थानबद्धता, हेही यावे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ‘संशयित अतिरेक्याला अटक’ या मथळ्यात ते पुसले जाते.

गाझाविषयी लिहिताना हात थरथरतो. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझातले प्रत्येक विद्यापीठ उद्ध्वस्त झाले किंवा त्याची मोठी हानी झाली. इस्लामिक विद्यापीठाच्या इमारती पहिल्याच आठवड्यांत बाँबफेकीत कोसळल्या. अल-इस्रा विद्यापीठाची मुख्य इमारत जानेवारी २०२४ मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आली. पॅलेस्टिनी शिक्षण मंत्रालयाच्या सांगण्यानुसार सुमारे ८८ हजार विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षण तुटले. वर्गखोल्या आणि प्रयोगशाळांबरोबर परिषदांची दप्तरे, जुन्या निवडणुकांची पत्रके आणि ग्रंथालयेही गेली. कैरोपासून बिरझैतपर्यंतचा जो इतिहास वर मांडला, त्यातल्या गाझाच्या भागाची कागदपत्रे आता पुन्हा मिळणे अवघड आहे. ज्या विद्यार्थ्यांनी तंबूत बसून, मोबाइलच्या अधूनमधून मिळणाऱ्या जोडणीवर परीक्षा दिल्या, त्यांनी १९८८ च्या बैठकीच्या खोल्यांतली रीत नकळत पुढे चालवली.

म्हणून आपल्याला एक नेमकी विनंती आहे. पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांविषयी बातमी छापताना ते कोणत्या विद्यापीठाचे, कोणत्या गटाचे, निवडून आलेले प्रतिनिधी आहेत की निदर्शक, हे शक्य तितके द्यावे. अटक झाली असेल तर ती इस्रायली सैन्याने केली की पॅलेस्टिनी प्राधिकरणाने, हेही लिहावे. आणि पुढच्या खेपेला बिरझैत किंवा अन-नजाह येथे विद्यार्थी परिषदेचे मतदान होईल, तेव्हा त्याचा निकाल आपल्या आंतरराष्ट्रीय पानावर जागांच्या आकड्यांसह यावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक